लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधासाठी रायफलची निवड

लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधासाठी रायफलची निवड म्हणजे दूरच्या स्थिर लक्ष्यावर नेम साधण्याच्या क्रीडाप्रकारासाठी रायफल, काडतूस आणि साइट यांचा योग्य मेळ ठरविणे होय. लष्करातील निशाणबाज सैनिकांकडे असणाऱ्या अर्ध-स्वयंचलित रायफलींमुळे अशी रायफल क्रीडा नेमबाजीसाठीही सर्वोत्तम असावी असा समज आढळतो. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होणाऱ्या रायफल स्पर्धांत अर्ध-स्वयंचलित रायफलीला स्थान नाही आणि भारतात ती सामान्य परवान्यावर मिळत नाही. अचूकतेच्या कसोटीवरही प्रत्येक गोळी हाताने भरली जाणारी रायफल तिच्यापेक्षा सरस ठरते. त्यामुळे निवडीचा क्रम प्रथम स्पर्धाप्रकार, नंतर कायदा, त्यानंतर नेमबाजाची शरीरयष्टी आणि शेवटी रायफलीचा नमुना असा असतो.

## परिभाषा

रायफल म्हणजे नळीच्या आतील पृष्ठभागावर सर्पिल खाचा असलेली बंदूक. या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती गती मिळते व ती हवेत स्थिर राहते. कोकणात शेती संरक्षणासाठी वापरली जाणारी ठासणीची बंदूक किंवा १२ बोअरची काडतुसी बंदूक यांची नळी आतून गुळगुळीत असते. त्यामुळे त्या रायफल या संज्ञेत बसत नाहीत.

बोल्ट ॲक्शन रायफलीत प्रत्येक गोळी झाडल्यावर नेमबाज हाताने खटका मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर काढतो व नवे भरतो. अर्ध-स्वयंचलित रायफलीत हे काम गोळीच्या वायूचा दाब किंवा धक्का वापरून यंत्रणाच करते. मात्र चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते. स्वयंचलित शस्त्रात चाप दाबून ठेवला असता गोळ्या सुटतच राहतात.

निशाणबाज रायफल ही संज्ञा पायदळाच्या तुकडीबरोबर चालणाऱ्या आणि साध्या सैनिकापेक्षा दूरचे लक्ष्य टिपणाऱ्या सैनिकाच्या शस्त्रासाठी वापरली जाते. सोव्हिएत संघाने १९६३ मध्ये स्वीकारलेली ७.६२ × ५४ मिमी काडतुसाची द्रागुनोव्ह ही अर्ध-स्वयंचलित रायफल या वर्गाचे सर्वांत परिचित उदाहरण असून भारतीय सेनेतही ती दीर्घकाळ वापरात आहे.

कोनीय मिनिट हे अचूकता मोजण्याचे एकक आहे. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. १०० मीटर अंतरावर एक मिनिट म्हणजे सुमारे २९ मिमी, तर ३०० मीटर अंतरावर सुमारे ८७ मिमी.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधाला संघटित खेळाचे रूप एकोणिसाव्या शतकात आले. ब्रिटनमध्ये १८६० साली विम्बल्डन येथे राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा भरली. तिची पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने स्थिर बैठकीवर बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून ४०० यार्डांवरील लक्ष्यावर झाडली होती. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांमध्ये ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर सामना झाला. १८९० पासून ब्रिटनमधील स्पर्धा बिस्ली येथे होऊ लागल्या.

या परंपरेशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. कोल्हापूरच्या राजघराण्याने दिलेल्या चषकासाठी १८७१ पासून 'कोलापोर' या नावाचा सांघिक सामना खेळविला जातो. ३००, ५०० आणि ६०० यार्डांवरील हा सामना पुढे बिस्लीच्या कार्यक्रमाचा भाग बनला.

भारतात नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते. मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातले. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच्या टप्प्यावर होणारी अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पुढे महाराष्ट्राने रायफल नेमबाजीत अनेक खेळाडू दिले. अंजली भागवत २००२ मध्ये १० मीटर एअर रायफल प्रकारात जागतिक क्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता ठरला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. या चौघांच्याही क्रीडाप्रकारांत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते.

## स्पर्धाप्रकार आणि लक्ष्य

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांत रायफलीसाठी प्रामुख्याने तीन अंतरे आहेत.

| अंतर | शस्त्र | १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास |
|---|---|---|
| १० मीटर | ४.५ मिमी एअर रायफल | ०.५ मिमी |
| ५० मीटर | .२२ लाँग रायफल (५.६ मिमी) | १०.४ मिमी |
| ३०० मीटर | ८ मिमीपर्यंतची सेंटरफायर रायफल | १०० मिमी |

गोळीच्या छिद्राचा वर्तुळाच्या रेषेला स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो. एअर रायफलीचे वजन ५.५ किलोग्रॅमपेक्षा आणि ५० मीटर रायफलीचे वजन ८ किलोग्रॅमपेक्षा अधिक असून चालत नाही. या स्पर्धांत दुर्बीण वापरता येत नाही. मागे बारीक छिद्राची साइट आणि पुढे गोल कड्याची साइट यांतून नेम धरावा लागतो. ३०० मीटर प्रकार १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून वगळला गेला, तथापि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो चालू राहिला.

३०० मीटरच्या पलीकडचे लक्ष्यवेध वेगळ्या परंपरेत मोडतात. राष्ट्रकुल देशांत ३०० ते १,००० यार्डांवर फुलबोअर प्रकार खेळला जातो. दुर्बीण आणि आधार वापरण्याची मुभा असलेला एफ-क्लास हा प्रकार कॅनडाचे जॉर्ज फार्कुहारसन यांच्या नावावरून ओळखला जातो. त्यातील एफ/टीआर उपप्रकारात फक्त .३०८ विंचेस्टर किंवा .२२३ रेमिंग्टन काडतूस चालते व आधारासह रायफलीचे वजन ८.२५ किलोग्रॅमपर्यंत असावे लागते. एफ-ओपन उपप्रकारात ही मर्यादा १० किलोग्रॅम आहे. अर्ध-स्वयंचलित रायफलीला खरा वाव मिळतो तो अमेरिकेतील सर्व्हिस रायफल सामन्यांत. तेथे ठरावीक सेकंदांत अनेक गोळ्या झाडण्याचे टप्पे असतात व लष्करी धाटणीची रायफल हीच स्पर्धेची अट असते.

## अर्ध-स्वयंचलित रचना आणि अचूकता

निशाणबाज सैनिकाला पहिली गोळी चुकल्यास दुसरी तत्काळ झाडता यावी, धूळ व चिखलातही यंत्रणा अडू नये आणि शस्त्र तुकडीबरोबर वाहून नेता यावे, अशा गरजा असतात. रचनाही त्यानुसार ठरते. नळीतून काढलेला वायू यंत्रणेकडे नेण्यासाठी नळीवर भाग जोडावे लागतात. त्यामुळे गोळी सुटताना नळीला होणारे कंपन प्रत्येक वेळी सारखे राहणे कठीण जाते. काडतूस अडकू नये म्हणून नळीच्या मागील कक्षात थोडी सैल जागा ठेवली जाते. गोळी सुटते त्या सुमारास जड भाग मागेपुढे हलू लागतात आणि नेमबाजाच्या पकडीतील लहानसा दोषही लक्ष्यावर मोठा होऊन दिसतो.

द्रागुनोव्ह वर्गातील रायफलींची विखुरण साधारण १ ते २ कोनीय मिनिटे असते. युद्धभूमीवरील कामाला ती पुरेशी आहे. मात्र २ मिनिटे म्हणजे ३०० मीटरवर सुमारे १७५ मिमी. १० गुणांचे वर्तुळ आहे १०० मिमीचे. नेमबाजाकडून कोणतीही चूक झाली नाही, तरी केवळ रायफलीमुळे गोळ्या त्या वर्तुळाबाहेर जाऊ शकतात. उत्तम जुळणीची अर्ध-स्वयंचलित रायफल एका मिनिटाच्या आत गोळ्या बसवू शकते. परंतु तितक्याच खर्चात घेतलेली बोल्ट ॲक्शन रायफल सामान्यतः तिच्यापेक्षा अचूक असते.

वेगाचा लाभही या खेळात उपयोगी पडत नाही. ५० मीटर थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून प्रत्येकी २०, अशा ६० गोळ्यांसाठी ९० मिनिटे दिली जातात. म्हणजे एका गोळीमागे सरासरी दीड मिनिट मिळते. नेमबाज हा वेळ श्वास स्थिरावण्यासाठी, वारा पाहण्यासाठी आणि प्रसंगी धरलेला नेम सोडून पुन्हा सुरुवात करण्यासाठी वापरतो. हाताने काडतूस भरण्याची क्रिया या लयीचाच भाग असते.

## भारतातील कायदेशीर चौकट

भारतात बंदूक बाळगण्याचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग दिले आहेत. पिस्तुले वगळता अन्य अर्ध-स्वयंचलित बंदुका पहिल्या, म्हणजे निर्बंधित वर्गात येतात. .३०३ इंच किंवा ७.६२ मिमी बोअरच्या, तसेच त्या मापाचे लष्करी काडतूस ज्यांत बसू शकते अशा रायफलीही, त्या बोल्ट ॲक्शन असल्या तरी, याच वर्गात मोडतात. बोलीभाषेत या वर्गाला 'पी.बी.' आणि सर्वसाधारण परवान्यावर मिळणाऱ्या शस्त्रांना 'एन.पी.बी.' म्हणतात. पहिल्या वर्गाच्या परवान्याचा अधिकार केंद्रीय गृहमंत्रालयाकडे असतो. दुसऱ्या प्रकारातील परवाना जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी आणि मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्त देतात. अर्ध-स्वयंचलित पिस्तूल सर्वसाधारण वर्गात असल्याने तशीच रायफलही मिळत असावी, असा गैरसमज त्यातून निर्माण होतो.

सर्वसाधारण परवान्यावर .२२ बोअरची रिमफायर रायफल, .३१५ बोअरची रायफल आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड रायफल ही परिचित नावे आहेत. .३१५ हे माप लष्करी काडतुसे नागरी बंदुकीत चालू नयेत या जुन्या धोरणातून रूढ झाले. भारतीय आयुध निर्माणींनी बनविलेली ही रायफल ली-एन्फिल्ड धाटणीच्या यंत्रणेवर आधारलेली आहे. ती टिकाऊ असली तरी स्पर्धेसाठी घडविलेली नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत रूपांतर झाले. त्यांपैकी दारूगोळा बनविणाऱ्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यात असून १८६९ साली स्थापन झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना तिच्याच अखत्यारीत आहे.

४.५ मिमी (.१७७ इंच) बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. १० मीटर स्पर्धेच्या एअर रायफलीची ऊर्जा सुमारे ८ ज्यूल असते. नवोदित खेळाडूचा मार्ग म्हणूनच एअर रायफलीपासून सुरू होतो.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. मान्यताप्राप्त क्रीडा नेमबाजांसाठी या संख्येत स्वतंत्र सवलत आहे. परवान्याच्या अर्जदाराला शस्त्र हाताळणीच्या सुरक्षित पद्धतीचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र व शस्त्र सुरक्षित ठेवण्याविषयी हमी द्यावी लागते. आनंदोत्सवात निष्काळजीपणे गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परवाना ज्या कारणासाठी दिला, त्या कारणाची मर्यादाही महत्त्वाची असते. शेती संरक्षणासाठी मिळालेली बंदूक स्पर्धेच्या सरावाचे साधन होत नाही. तसेच क्रीडा परवान्यावरील रायफल वन्यप्राण्यांवर रोखता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ त्यास आडवा येतो.

## निवडीचे निकष

### काडतूस व वारा

.२२ लाँग रायफलीची स्पर्धेची गोळी ध्वनीपेक्षा किंचित कमी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते. ५० मीटरवरही वारा तिला हलवितो. त्यामुळे मैदानावर वाऱ्याच्या पताका लावलेल्या असतात. अंतर वाढते तसा हा परिणाम झपाट्याने वाढतो. .३०८ विंचेस्टरची १७५ ग्रेनची गोळी ताशी १६ किलोमीटर वेगाच्या आडव्या वाऱ्यात १,००० यार्डांवर दोन मीटरहून अधिक बाजूला सरकते. अशा अंतरावर वारा वाचण्याचे कौशल्य रायफलीच्या किमतीपेक्षा अधिक गुण मिळवून देते. हे कौशल्य शिकण्यासाठी .२२ हे स्वस्त, कमी धक्क्याचे आणि योग्य साधन मानले जाते.

काडतुसांच्या एकाच नाममुद्रेच्या वेगवेगळ्या लॉटमध्येही फरक असतो. एक लॉट एका नळीतून उत्तम बसतो, तर दुसऱ्या नळीतून तोच लॉट विखुरतो. यासाठी एली व लापुआ यांसारख्या उत्पादकांनी चाचणी केंद्रे ठेवली आहेत. तेथे रायफल शिकंज्यात धरून निरनिराळ्या लॉटची तुलना केली जाते. जुनी रायफल घेतानाही शिकंज्यावरील किंवा पिशवीच्या आधारावरील गोळ्यांचे गट पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, असा संकेत आहे.

### दस्ता आणि शरीरयष्टी

स्पर्धेच्या रायफलीत दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची, खांद्याला टेकणाऱ्या भागाचा कोन आणि मुठीची ठेवण बदलता येते. साइटमधून पाहताना मान ताणावी लागत असेल, तर साठाव्या गोळीपर्यंत ती थकते. म्हणून अधिक महाग पण न बसणाऱ्या रायफलीपेक्षा साधी पण अंगाला बसणारी रायफल श्रेयस्कर ठरते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी हलकी व लांबी वाढवता येणारी रायफल निवडली जाते. जड रायफल पेलण्यासाठी पाठ मागे झुकविण्याची सवय पुढे दुखापतीचे कारण होऊ शकते. डावखुऱ्या नेमबाजासाठी खटका व मूठ उलट बाजूस असलेला नमुना लागतो.

### चाप आणि नळी

चाप दरवेळी एकाच ठिकाणी व एकाच दाबाने सुटणे हे त्याच्या हलकेपणापेक्षा महत्त्वाचे असते. फार हलका चाप नवशिक्याच्या हातात अनवधानाने सुटतो. नळीच्या बाबतीत खाचांचा पीळ गोळीच्या लांबीशी जुळावा लागतो. .२२ लाँग रायफलीत १६ इंचांत एक फेरा हा पीळ प्रचलित आहे, तर .३०८ मध्ये १० ते १२ इंचांत एक फेरा आढळतो.

### साइट

दुर्बिणीचा विचार स्पर्धेच्या नियमांनंतरच करावा लागतो. महासंघाच्या रायफल प्रकारांत ती निरुपयोगी, तर एफ-क्लासमध्ये अनिवार्य म्हणावी इतकी आवश्यक असते. छिद्राच्या साइटमध्ये पुढील कड्याचा आकार उजेडानुसार बदलता येतो. लक्ष्याभोवती पुरेसा पांढरा भाग दिसणे उपयुक्त असते. कडे फार घट्ट निवडल्यास डोळा लवकर थकतो.

### खर्च आणि देखभाल

५० मीटर प्रकारात अँशुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, ब्लाइकर या युरोपीय उत्पादकांच्या रायफली प्रचलित आहेत. त्या व त्यांची काडतुसे आयात करावी लागतात. आयातीच्या सवलती मुख्यतः मान्यताप्राप्त नेमबाजांना व संघटनांना मिळतात. रायफल एकदाच घ्यावी लागते, काडतुसे मात्र रोज लागतात. कोट, विजार, बूट, हातमोजा आणि पट्टा यांचाही खर्च त्यात मिळवावा लागतो. म्हणून आरंभी क्लबची रायफल वापरून प्रकार निश्चित करावा व मगच खरेदीचा विचार करावा, अशी पद्धत आहे.

## कोकणातील परिस्थिती

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. या जिल्ह्यात बंदूक घरोघरी अपरिचित नाही. माकडे, रानडुक्कर आणि गवे यांच्यापासून भात, नारळ, केळी यांचे रक्षण करण्यासाठी अनेक शेतकऱ्यांकडे परवानाधारक बंदुका आहेत. निवडणुकीच्या काळात त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात व त्या अवधीत पिकांचे नुकसान होत असल्याची तक्रार वारंवार मांडली जाते. तथापि बंदुकीच्या या परिचयातून लक्ष्यवेधाचा खेळ आपोआप उभा राहत नाही. त्यासाठी लागणारे साधन, परवान्याचे कारण आणि जागा ही तिन्ही वेगळी असतात.

यांपैकी जागेचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. कुडाळ तालुक्यातील कर्ली नदीकाठचे वालावल हे लक्ष्मीनारायण मंदिर व त्यालगतच्या तलावासाठी प्रसिद्ध असलेले गाव यासाठी उदाहरण म्हणून घेता येते. नारळी-पोफळीच्या बागा, भाताचे मळे आणि त्यांतून विखुरलेल्या वाड्या अशी या भागातील गावांची रचना असते. दाट झाडीमुळे पुढचे घर दिसत नाही, परंतु ते नसते असे नाही. .२२ ची लहानशी गोळीही अनुकूल कोनात सुटल्यास सुमारे दीड किलोमीटर जाते; .३०८ ची गोळी चार किलोमीटरहून अधिक जाऊ शकते. नदीचे पात्र किंवा मोकळा सडा दिसायला निर्जन असला, तरी पाण्यावर वा जांभ्या खडकावर आपटलेली गोळी दिशा बदलून उडते. पात्रात होड्या असतात आणि सड्यावर गुरे व गुराखी असतात. त्यामुळे गावाच्या मोकळ्या जागेत लांब पल्ल्याचा सराव सुरक्षित नसतो व कायद्यातही बसत नाही. परवानाप्राप्त मैदान, गोळी अडविणारा उंच मातीचा बांध, बाजूच्या भिंती व प्रशिक्षित मैदान-अधिकारी या किमान अटी आहेत.

महाराष्ट्रात अशी सोय मोठ्या शहरांत एकवटलेली आहे. पुण्यातील बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडा संकुल आणि मुंबईतील वरळीचे मैदान ही त्यांतील प्रमुख केंद्रे आहेत. ३०० मीटरची मैदाने देशातही मोजकी असून त्यांचा वापर मुख्यतः लष्कर व पोलीस दलांचे नेमबाज करतात. मध्य प्रदेशातील महू येथील आर्मी मार्क्समनशिप युनिट हे त्यांतील महत्त्वाचे केंद्र आहे. दक्षिण कोकणातील नवोदिताला म्हणूनच १० मीटर एअर रायफल हा व्यवहार्य आरंभ ठरतो. शाळेचे सभागृह किंवा क्रीडा संकुलातील बंदिस्त खोली, मागे छर्रे अडविणारी पेटी आणि जाणकार प्रशिक्षक एवढ्यावर तो सुरू करता येतो.

### दमट हवेचा परिणाम

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि किनाऱ्याकडून येणाऱ्या हवेत क्षार असतात. लाकडी दस्ता ओलाव्याने फुगला, तर त्याचा नळीवरील दाब बदलतो व बसविलेला नेम सरकतो. यामुळे ॲल्युमिनियमचा किंवा थरांच्या लाकडाचा दस्ता आणि गंजरोधक पोलादाची नळी या भागात अधिक उपयुक्त ठरतात. प्रवासाच्या पेटीतील फोम ओलावा धरून ठेवतो. म्हणून रायफल त्या पेटीत कायम ठेवत नाहीत. सरावानंतर ती पुसून, हलके तेल लावून, कुलूपबंद व कोरड्या कपाटात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवली जाते. एअर रायफलीची टाकी हातपंपाने भरताना पंपाला आर्द्रता गाळणारा भाग जोडावा लागतो, अन्यथा टाकीत पाणी साचून आतील झडपा खराब होतात. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. ते उन्हात तापलेल्या गाडीत वितळते व गोळीचा वर्तनक्रम बदलतो. त्यामुळे काडतुसे थंड, कोरड्या व कुलूपबंद जागी, रायफलीपासून वेगळी ठेवावी लागतात.

## गैरसमज

* अधिक शक्तिशाली काडतूस म्हणजे अधिक अचूकता: जोराच्या धक्क्याने नेमबाज चाप ओढण्यापूर्वीच अंग आवळतो व नेम बिघडतो. ५० मीटरवर .२२ इतके योग्य काडतूस दुसरे नाही.
* लष्करात वापरली जाते म्हणून स्पर्धेलाही उत्तम: लष्करी शस्त्राची कसोटी टिकाऊपणा व वेग ही असते, स्पर्धेत सातत्य मोजले जाते.
* १० मीटर हा लहान मुलांचा प्रकार: ०.५ मिमीच्या बिंदूवर साधलेला नेम आणि त्यामागची स्थिरता हाच पुढील सर्व अंतरांचा पाया असतो. अंजली भागवत आणि रुद्रांक्ष पाटील यांनी याच अंतरावर जागतिक कीर्ती मिळविली.
* दुर्बीण लावली की अंतराचा प्रश्न सुटतो: दुर्बीण लक्ष्य मोठे दाखविते. वारा, श्वास आणि चाप यांतील चुकाही ती तितक्याच मोठ्या करून दाखविते, पण दुरुस्त करीत नाही.

## हेही पाहा

* नेमबाजी
* गणेश वासुदेव मावळंकर
* तेजस्विनी सावंत
* स्वप्निल कुसाळे
* शस्त्र अधिनियम, १९५९
* वालावल